काटा एक, नोंदी दोन

ऑफिसात त्यांना गाळणीकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठीमागे नुसतं गाळणी, आणि काम अडलं की पुन्हा काका.

कंपनी वजनकाट्यांची. नवे काटे विकायचे, जुने दुरुस्त करायचे, आणि दुकानदाराचा काटा खरं बोलतो की नाही ते वर्षातून एकदा तपासून त्याच्यावर शिक्का मारायचा, असा धंदा. काटा कंपनीत आला की त्याची संगणकात नोंद व्हायची आणि मग ती नोंद या टेबलावरून त्या टेबलाकडे सरकायची: तपासणी, दुरुस्ती, शिक्का, परत. म्हणजे पूर्वी फाइली सरकायच्या तशीच. फरक एवढाच, की पूर्वी फाइल हरवली तर शिपायावर ओरडता यायचं. आता सिस्टीमवर ओरडावं लागे, आणि सिस्टीम मेली मान खाली घालत नाही.

या सिस्टीमला एक रोग जडला होता. एकाच काट्याच्या दोन नोंदी व्हायच्या. दुकानदार काटा काउंटरवर ठेवून जायचा आणि त्याचा भाऊ फोन करून तोच काटा पुन्हा नोंदवायचा. मग एका काट्याला दोन कारागीर नेमले जात, आणि दुसरा कारागीर जगात नसलेला काटा दिवसभर शोधत बसे. एकदा तर दोघांनी एकाच काट्यावर दोन शिक्के मारले. तो दुकानदार पुढे वर्षभर आपला काटा दुप्पट खरा आहे असं गिऱ्हाइकांना सांगत होता.

अशा जुळ्या नोंदी हुडकायच्या आणि एकीत दुसरी मिसळून टाकायची, हे काकांचं काम. ते त्यांना मनापासून आवडायचं. घरी फडताळात दोन सारख्या वाट्या दिसल्या तरी त्यांचा हात शिवशिवे.

मिसळताना सिस्टीम एक रकाना पुढे करायची: कारण. तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नसे. इतर लोक तिथे एक टिंब देऊन मोकळे होत. काका कारण लिहीत. ते कारण मग ज्याने दुसरी नोंद केली असेल त्याच्याकडे जाई, आणि त्याच्यासाठी खाली आणखी एक रकाना असे: आक्षेप. हा रकाना सिस्टीम बसवणाऱ्यांनी लोकशाही म्हणून ठेवला होता. तो कोणीही, कधीही वापरला नव्हता.

एके दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कार्यशाळेच्या काउंटरवरून एका बेकरीच्या काट्याच्या दोन नोंदी आल्या. काकांनी कारण लिहिलं: ‘काटा एक. आधी नवरा घेऊन आला, मग बायकोने फोन केला.’

दुपारी आक्षेपाचा रकाना भरून आला. ‘आक्षेप नाही. पण नवरा म्हणतो काटा कमी दाखवतो, बायको म्हणते जास्त दाखवतो. दोघांचं ऐकून मला वाटतं, काटा बरोबर असावा.’

काकांनी ते दोनदा वाचलं. नंतर डबा खाताना ते एकटेच हसले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्याने त्यांच्या डब्यात वाकून पाहिलं.

काउंटरवर एक बाई बसत, एवढं काकांना ठाऊक होतं. त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कार्यशाळेतून कोणी ऑफिसात आलं की ‘ताईंनी पाठवलंय’ म्हणे, तेव्हा सगळी कार्यशाळा त्यांना ताई म्हणत असणार. काकांनी मात्र कारणाच्या रकान्यात तो शब्द कटाक्षाने टाळला. का टाळला, त्याचं कारण कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.

मग ते सुरूच झालं. काकांनी लिहावं, ‘गोदामाचा काटा. मालकाने नोंदवला. आपण नोंदवला यावर विश्वास न बसून मालकानेच पुन्हा नोंदवला.’ बाईंनी उत्तर द्यावं, ‘आक्षेप नाही. हा मनुष्य काटा ठेवून गेला तेव्हा दारातून वळून वळून बघत होता. मुलगी सासरी पाठवताना बाप बघत नाही इतकं.’ एकदा आलं, ‘आक्षेप: आज इथे सकाळपासून वीज नाही.’ काकांनी दुसऱ्या दिवशीच्या जुळ्या नोंदीत विचारलं, ‘वीज नव्हती तर लिहिलंत कसं?’ त्यावर, ‘आक्षेप मान्य. वीज आल्यावर लिहिलं. तोवर मनात लिहून ठेवलं होतं.’

मनात लिहून ठेवलं होतं, या चार शब्दांवर काका घरी जाईपर्यंत बसमध्ये उभेच राहिले. बसायला जागा होती.

अडचण एकच होती. आक्षेपाला उत्तर द्यायला सिस्टीममध्ये सोय नव्हती. लोकशाही तिथे संपत होती. काकांना बोलायचं तर नवी जुळी नोंद यायला हवी. आणि गंमत अशी, की ती येऊ लागली. रोज. काकांना पहिल्यांदा वाटलं, गर्दीचे दिवस आहेत. मग एक दिवस त्यांनी एक जोडी नीट तपासली आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

खऱ्या जुळ्या नोंदीत काहीतरी वेगळं असतं. पत्ता अर्धा असतो, फोन मेव्हण्याचा असतो, दुकानाचं नाव घाईत खाल्लेलं असतं. ही जोडी कशी स्वच्छ होती. अक्षर न अक्षर, आकडा न आकडा सारखा. चूक इतकी नेटकी नसते. ही कोणीतरी बसून, सावकाश, जीव लावून केलेली चूक होती.

आयुष्यभर ज्या पापाचा नायनाट केला तेच पाप कोणीतरी आपल्यासाठी रोज करतंय, हे कळल्यावर सज्जन माणसाने काय करावं? काकांनी चष्मा पुसला आणि लिहिलं: ‘कारण सापडत नाही.’

उत्तर आलं: ‘आक्षेप: शोधा.’

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण कंपनीत नवे साहेब आले. नव्या साहेबांना भिंतीवर आकडेवारीच्या रंगीत चकत्या दाखवायची हौस होती. पहिल्याच बैठकीत त्यांनी एक चकती दाखवली आणि तिच्या एका लाल फोडीवर काठी टेकवली.

“ही बघा. कंपनीतल्या सगळ्या जुळ्या नोंदी. आणि ही एवढी थोरली लाल फोड कुणाची? कार्यशाळेच्या काउंटरची. त्या बाई करतात तरी काय?”

खोलीतले सगळे काकांकडे बघू लागले. काका लाल फोडीकडे बघत होते.

“काका, तुम्ही बिचारे मागून निस्तरत बसता. नळ चालू आणि तुम्ही फरशी पुसताय. आता नोंद होतानाच अडवायची. नियम तुम्ही ठरवायचा, ही आपली प्रोग्रामर तो सिस्टीममध्ये घालेल. रोगाची नाडी तुमच्याइतकी कुणाला कळते?”

“आणि मी मग काय करू?”

“तुमची नोकरी कुठे जात नाही हो! दुसरं काम देऊ.”

काकांना नोकरीची काळजी नव्हती. पण कसली होती ते बैठकीत सांगण्यासारखं नव्हतं.

प्रोग्रामर म्हणजे काकांच्या लेकीहून थोडी लहान, पायात दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे घालणारी मुलगी. तिने खुर्ची ओढून घेतली. “काका, आधी मला जुन्या जोड्या बघू द्यात. कारणांसकट.”

“कारणं कशाला? ती काही महत्त्वाची नाहीत.”

“कारणाशिवाय नियम कसा करणार?”

तिने रकाने उघडले आणि वाचत राहिली. काकांनी तेवढ्यात एकदा पाणी पिऊन आल्याचं सोंग केलं, एकदा खिडकी लावली, मग तीच उघडली. मुलगी एका ठिकाणी फिसकन हसली, एका ठिकाणी गप्प झाली. शेवटी पडद्यावरची नजर न काढताच म्हणाली, “काका, एक तांत्रिक प्रश्न आहे. नियम चुकून होणाऱ्या नोंदींसाठी करायचा, की मुद्दाम होणाऱ्यासुद्धा धरायच्या?”

काका खिडकीशीच उभे होते. “नियमाला माणसाच्या मनातलं कुठे कळतं?”

“नाही कळत. पण एखादा काउंटर वगळता येतो. दोन ओळींचं काम आहे. साहेबांना पत्ता लागणार नाही.”

काकांनी या गोष्टीचा विचार केला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. केला, आणि चांगला चवीने केला. मग म्हणाले, “नको. गाळणीची भोकं सगळी सारखी लागतात. एकच मोठं ठेवलंस की चहाची पत्ती कपात.”

“पण काका...”

“आणि तो काउंटर वगळलास, तर ती लाल फोड तशीच राहील. साहेब दर बैठकीत तिच्यावर काठी टेकवतील. मला ते बघवायचं नाही.”

मुलीने कीबोर्ड पुढे ओढला. नियम मात्र काकांनी उत्तम केला. नावावर भरवसा नाही, कारण अर्ध्या बाजारातल्या दुकानांची नावं सारखी. फोनवर तर मुळीच नाही, कारण अख्ख्या गल्लीचा फोन एकाच शहाण्या माणसाचा असतो. काट्याच्या पाठीवर पत्र्यात ठोकलेला नंबर असतो, तो धरायचा. काउंटरवर पहिल्यांदा तोच विचारायचा. त्या नंबरच्या काट्याचं काम कंपनीत चालू असेल, तर सिस्टीमने सरळ सांगायचं, ‘ही नोंद आधीच आहे’, आणि पुढे जाऊ द्यायचं नाही. दुसरी नोंद नाही, म्हणून मिसळणं नाही, म्हणून कारण नाही, म्हणून आक्षेप नाही. आपल्याच हाताने काकांनी एक-एक खिडकी बंद करत आणली.

नियम लागू व्हायच्या आदल्या दिवशीही एक स्वच्छ जोडी आली. काकांनी लिहिलं: ‘उद्यापासून नवा नियम. यापुढे मिसळायला माझ्याकडे काही येणार नाही.’ आणखी काहीतरी लिहायचं होतं. रकान्यात जागाही होती.

उत्तर दोनच शब्दांचं होतं. ‘आक्षेप आहे.’

“मग फोन करा ना त्यांना!” लेक म्हणाली. सकाळी चहाच्या वेळी तिने वडिलांच्या तोंडून हे सगळं काढून घेतलं होतं. खरं तर काढावं लागलंच नाही. बाबांनी साखरेचा डबा फ्रीजमध्ये ठेवला, तेव्हाच तिला संशय आला होता.

“फोन? कशासाठी म्हणून सांगू?”

“बोलायचं होतं म्हणून.”

“हे काय कारण झालं?”

“बाबा, आई गेल्यापासून तुम्ही माझ्याशीसुद्धा कारणाशिवाय बोलत नाही. गॅस बंद केलास का, किल्ली घेतलीस का. तुम्ही कोणाशी तरी वीज गेल्याच्या गप्पा मारता, हे ऐकून मला इतकं बरं वाटलं ना...” तिने कप उगाच विसळला. “घालवू नका बघा ते.”

काका किल्ली घेऊन निघाले आणि दाराशी जाऊन, किल्ली घेतलीस का, असं लेकीला विचारून गेले.

नियम सुरू झाला. पहिल्या दिवशी काकांच्या टेबलावर काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांनी खण आवरला. मग आवरलेला खण पुन्हा आवरला. साहेब जाता-येता त्यांच्या पाठीवर थाप मारून “जिंकलात काका!” म्हणत, आणि काका जिंकलेल्या माणसासारखं तोंड करत.

आठवडा संपल्यावर बैठक झाली. चकतीत लाल रंग औषधालाही उरला नव्हता.

“आता मौज ऐका,” साहेब म्हणाले. “सिस्टीमने किती नोंदी दाराशीच अडवल्या, त्याचा हिशेब इथे आहे. बाकी काउंटरवर तुरळक. लोकांना एकदा ‘ही नोंद आधीच आहे’ दिसलं की समजतं. पण कार्यशाळेच्या त्या बाई! रोज सकाळी, काउंटर उघडल्या उघडल्या, तोच एक काटा पुन्हा नोंदवायला बघतात. सिस्टीम नाही म्हणते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच काटा. मी म्हणतो, माणसाने किती मठ्ठ असावं? यांना ट्रेनिंगला पाठवा.”

प्रोग्रामर मुलीने आपल्या मोज्यांकडे बघायला सुरुवात केली.

काकांना ऐकू येत होतं, पण ते साहेबांचं नव्हे. बंद दारावर कोणीतरी रोज सकाळी येऊन एकदाच टकटक करावी, आत कोणी आहे का बघावं आणि निमूट आपल्या कामाला लागावं, तसं काहीतरी. आणि आतला माणूस खण आवरतोय.

“साहेब,” काका म्हणाले, “त्यांना ट्रेनिंगची गरज नाही. नियम त्यांना चांगला कळलाय.”

“मग असं का करतात?”

“ते मी बघतो.”

त्यांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज केला. त्यातही कारणाचा रकाना होता. काकांनी तिथे एक टिंब दिलं.

आता काउंटरवर जायचं तर काटा हवा. नुसतंच हात हलवत जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. घरात काटा एकच: न्हाणीघराच्या दाराशी पडलेला, उभं राहून वजन करायचा. काका तो पिशवीत घालू लागले, तेव्हा लेक धावत आली.

“तो नका नेऊ! तो मला दोन किलो कमी दाखवतो!”

“म्हणूनच नेतोय.”

“वडील आहात की वैरी?” असं म्हणून तिने बाबांच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि पिशवी स्वतः हातात दिली.

कार्यशाळा म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. दाराशी लाकडी काउंटर, त्यामागे फळ्यांवर काटेच काटे, प्रत्येकाच्या कानात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. काउंटरवर एक बाई चष्मा केसांत खोचून एका खाटकाला झापत होत्या. “काटा धुवायचा नसतो हो, पुसायचा असतो! त्याला काय आंघोळ घालता?” आवाज काकांच्या कल्पनेपेक्षा जाड होता आणि केस कल्पनेपेक्षा पांढरे. काकांनी दोन्ही गोष्टी ताबडतोब पसंत केल्या.

खाटीक गेला. काकांनी पिशवीतून काटा काढून ठेवला.

“माणसं मोजायचा का? काय होतंय याला?”

“काही नाही.”

“मग काय मला काही होतंय म्हणून आणलात?”

“घरी कोणाची तक्रार नव्हती. उलट आणायलाच विरोध होता.”

“पाठीवरचा नंबर वाचा.” बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला पण नजर पडद्यावर. “हल्ली नंबर आधी विचारावा लागतो. ऑफिसातल्या कुणा शहाण्याने नियम केलाय.”

काकांनी नंबर वाचला. “वाईट आहे का नियम?”

“वाईट असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या. चांगला आहे, तेच तर दुखणं आहे.”

“म्हणजे आक्षेप नाही?”

बाईंची बोटं थांबली. त्यांनी काकांकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मग पुन्हा काकांकडे. एकाच माणसाच्या दोन नोंदी शेजारी ठेवून ताडून बघावं तसं.

“आक्षेप आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “कळवला होता. उत्तर आलं नाही.”

“उत्तराला रकाना नव्हता.”

“तोंड होतं की!”

“ते... फारसं वापरात नव्हतं.”

बाई हसल्या नाहीत. हसू आवरताना माणूस उगाच काहीतरी उचलून जागेवर ठेवतो, तसं त्यांनी एक पेन उचललं आणि तिथेच ठेवलं. “मी रोज सकाळी बघत होते. म्हटलं, कुठेतरी उमटत असेल.”

“उमटत होतं. मला आज कळलं. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.”

“अगं बाई! काय म्हणाले?”

“तुम्हाला ट्रेनिंगला पाठवा म्हणाले.”

आता मात्र त्या हसल्या, आणि ते हसू शेडच्या पार टोकापर्यंत गेलं. आतला एक कारागीर हातोडी थांबवून बघू लागला.

“ओ ताई,” काकांच्या पाठीमागून भाजीवाल्या मावशी करवादल्या, “तुमचं काय मोजायचं ते नंतर मोजा. माझी टोपली उन्हात सुकतेय, आणि हा मेला काटा बघा, रिकामा असला तरी पाव किलो दाखवतो. गिऱ्हाईक भांडतं माझ्याशी.”

“घेते मावशी, घेते.” बाईंनी काउंटरची फळी वर उचलली आणि काकांना म्हणाल्या, “आत या. रांग अडतेय.” एका स्टुलावरची वजनं उचलून त्यांनी जागा केली. “बसा. आणि आलाच आहात तर मावशींच्या काट्याचा नंबर वाचा. तो पत्रा गंजलाय, मला दिसत नाही.”

काका स्टुलावर बसले. काटा मांडीवर उलटा घेतला आणि अंगठ्याने गंज पुसू लागले. मावशींनी काउंटरवर कोपरं टेकून त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

“हे नवीन लागलेत का?”

“नाही हो,” बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, “जुनेच आहेत. यायला उशीर झाला एवढंच.”